प्रयोगशाळेबाहेर : धरणावरचे गरुड आणि अप्पांची गिधाडे



नाताळची सुट्टी संपली, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, आणि आता मार्चपर्यंत घराबाहेर पडायचे नाही असा आपल्या मंडळातील बहुतेक घरांनी निश्चय केलेला दिसतो. पाच वाजता अंधार, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ, आणि शनिवार-रविवारी याच्या नाहीतर त्याच्या तळघरात पॉटलक. आम्हांला पॉटलकचे वावडे नाही. पण चार महिने बंद खिडक्यांच्या आत काढायचे, हे काही आम्हांला पटत नाही. म्हणून या महिन्याचे सदर प्रयोगशाळेच्या जरा जास्तच बाहेर नेत आहोत : बॉल्टिमोरपासून तासाभराच्या अंतरावर, सस्क्वेहाना नदीवरच्या कोनोविंगो धरणाशी.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिथे गेलो, ते आमच्या एका जिवलग मैत्रिणीबरोबर. ही मैत्रीण कोकणातली. तिचे नाव छापायचे नाही असा तिचा हुकूम आहे. पण ती अकौंटंट आहे आणि मंडळाच्या वर्गणीचा हिशेब सेंटपर्यंत जुळवल्याशिवाय झोपत नाही, एवढे सांगितले तर तुम्ही ओळखालच. आम्ही रसायनशास्त्रातल्या, ती आकड्यांतली. दोघींची मैत्री टिकण्याचे कारण असे, की गाडीत गप्प बसायची वेळ आली तरी दोघींपैकी कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

पहाटे साडेसहाला निघालो. नवरेमंडळी आणि मुले पांघरुणात होती. डिकीत आल्याच्या चहाचे दोन थर्मॉस, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे गोड लोणचे, दोन दुर्बिणी आणि एक जुनी सोलापुरी चादर. चादर कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "अगं, थांब ना, कळेल तुला."

कोनोविंगो धरण १९२८ साली बांधून झाले. तिथून नदी साधारण दहा मैल वाहते आणि चेसापीक उपसागराला मिळते. धरणाच्या पायथ्याशी पश्चिम काठावर फिशरमन्स पार्क नावाची जागा आहे. तिथे गाडी लावून उभे राहिले की समोर वीजघर, खाली फेसाळ पाणी, आणि पलीकडे झाडी. वीज तयार करण्यासाठी पाणी सोडायचे झाले की भोंगा वाजतो आणि लाल दिवे लुकलुकतात. टर्बाइनमधून पाण्याबरोबर मासेही येतात. त्यांतले कितीतरी गुंगलेले नाहीतर मेलेले असतात आणि पाण्याच्या वर तरंगू लागतात. गिझर्ड शॅड नावाचा मासा त्यांत जास्त. उत्तरेकडची तळी गोठू लागली की गरुड दक्षिणेकडे सरकतात, आणि इथे त्यांना हे आयते पंगतीचे पान वाढलेले मिळते. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही पंगत भरात असते. जानेवारीत पाने कमी होतात, पण उठत नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा काठावर हातभर लांबीच्या लेन्स लावलेल्या फोटोवाल्यांची रांग आधीच लागलेली होती. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी व्हिडिओवाला जसा सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, तशी ही शंभर माणसे. एरवी शांत, भोंगा वाजला की सगळ्या लेन्स एकदम वर.

आणि मग गरुड आले. पांढरे डोके, पांढरी शेपटी, पिवळीधमक चोच, पसरले की सहा-सात फूट भरणारे पंख. उंच झाडावरून एक निघाला, पाण्यालगत आला, पाय पुढे केले, आणि मासा उचलून फार पाणीही न उडवता वर गेला. लगेच दुसरे दोन त्याच्या पाठीशी लागले. हवेतच झोंबाझोंबी झाली, मासा खाली पडला आणि तिसऱ्याने तो पळवला. बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात या पक्ष्याच्या चारित्र्याबद्दल तक्रार केली आहे : दुसऱ्याने पकडलेला मासा हा लुबाडतो. तक्रार खोटी नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. १७८२ पासून हा पक्षी अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे, पण कायद्याने तो राष्ट्रीय पक्षी झाला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये. आपल्यापैकी ज्यांना ग्रीनकार्डसाठी थांबावे लागते आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलांसाठी दोन गमती. इंग्रजी नावावरून तो टकला असावा असे वाटते, पण तसे नाही. त्या शब्दाचा जुना अर्थ पांढऱ्या कपाळाचा, असा होता. आणि सिनेमात गरुड दाखवला की जी कर्कश, लांबलचक आरोळी ऐकू येते ती बहुतेक वेळा लाल शेपटीच्या ससाण्याची असते. खऱ्या गरुडाचा आवाज एवढ्या मोठ्या पक्ष्याला न शोभणारा, किलबिलीसारखा बारीक. आमच्या मैत्रिणीने तो ऐकला आणि म्हणाली, "हा तर आमच्या मॅनेजरसारखा निघाला."

तपकिरी, मळखाऊ रंगाचेही पुष्कळ होते. ते वेगळ्या जातीचे नव्हेत, लहान वयाचे. डोके पुरते पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. मैत्रिणीने वहीत दोन रकाने आखले, मोठे आणि लहान, आणि मोजायला सुरुवात केली. दहा वाजेपर्यंत ४३ झाले : २६ मोठे आणि १७ लहान. शिवाय पाणकावळे, कुरव, आणि आपल्या राखी बगळ्याचा थोरला चुलतभाऊ शोभेल असा निळसर बगळा, काठावर ध्यान लावून बसलेला.

लहानांचा आकडा पाहून आम्हांला बरे वाटले, ते का, हे सांगण्यासाठी थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल. घाबरू नका, समीकरणे लिहीत नाही.

डीडीटी हे नाव आपल्या आजी-आजोबांना चांगले माहीत होते. मलेरियावाले पंप घेऊन येत, भिंतींवर फवारत आणि दाराशेजारी तारीख टाकून जात. हे द्रव्य पहिल्यांदा तयार झाले १८७४ साली. ते कीटक मारते हे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये दाखवले आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले. डीडीटीने असंख्य माणसांना मलेरियापासून वाचवले, हे आधी सांगायलाच हवे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते शेतांवर, जंगलांवर, दलदलीवर विमानांतून फवारू लागले.

हळद पाण्यात ढवळली तर तळाशी बसते. फोडणीच्या तेलात घातली की तेल तेव्हाच पिवळे होते, आणि ओट्यावर पडलेला डाग साबणाने जाता जात नाही. डीडीटीचा स्वभाव असाच आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र बसते आणि बसले की हलत नाही. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत थोडेसे, ते खाणाऱ्या लहान माशांत जास्त, मोठ्या माशांत त्याहून जास्त. गरुड या साखळीच्या शेवटी जेवतो, म्हणून सगळ्यांचे साठलेले त्याच्या ताटात येते. शरीरात डीडीटीमधून हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू निघून जातो आणि डीडीई उरते. ते आणखी चिवट. ते मादीच्या शरीरात अंड्याचे कवच घडवणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियम पोचू देत नाही. कवच पातळ होते. आई अंडी उबवायला बसते आणि तिच्याच वजनाने अंडी फुटतात.

हे सिद्ध कसे झाले ते अकौंटंट मैत्रिणीला फार आवडले. इंग्लंडमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतली, पूर्वी लोकांनी हौसेने जमवलेली बहिरी ससाण्याची अंडी तपासली आणि १९४७ च्या सुमारापासून कवच एकाएकी पातळ झालेले दाखवले. ते साल होते १९६७. "म्हणजे जुन्या पावत्या काढून पाहिल्या," ती म्हणाली. अगदी तसेच. आणि आपल्या लॉरेल गावाजवळचे पटक्संट संशोधन केंद्र, ज्याच्या पाटीवरून आपण कितीदा गाडी नेतो, तिथल्या शास्त्रज्ञांनी लहान ससाण्यांना अन्नातून डीडीटी आणि डिल्ड्रिन देऊन कवच पातळ होते हे १९६९ साली दाखवले. त्याआधी १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' आले होते. त्या याच मेरीलँडमध्ये, सिल्व्हर स्प्रिंगला राहत. पुस्तकानंतर दोनच वर्षांत त्या गेल्या. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली ती १९७२ मध्ये.

आता आकडे. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत १९६३ साली गरुडांच्या घरटी करणाऱ्या जोड्या होत्या ४१७. बंदी, घरट्यांचे संरक्षण आणि पिल्ले आणून सोडण्याचे प्रयत्न यांमुळे २००७ मध्ये जोड्या झाल्या सुमारे ९,७००, आणि पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. २०२१ च्या सरकारी अहवालात हा आकडा ७१,००० च्या वर गेला. म्हणून मैत्रिणीच्या वहीतले ते १७ मळखाऊ गरुड आम्हांला पांढऱ्या डोक्यांपेक्षा मोलाचे वाटले. ती १७ न फुटलेली अंडी होती.

साडेदहाला चहासाठी गाडीकडे वळलो, तेव्हा सोलापुरी चादरीचा उलगडा झाला. आमच्या गाडीवर पाच काळी गिधाडे बसली होती. या धरणावरच्या काळ्या गिधाडांना गाड्यांच्या रबराचे विलक्षण वेड आहे. वायपरची पट्टी, काचेभोवतीची पट्टी, काहीही सोलून काढतात. माहीतगार लोक गाडीवर ताडपत्री बांधतात. आमच्या गाडीचे वायपर चादरीखाली सुखरूप होते. शेजारच्या गाडीचा मालक मात्र हातात अर्धा वायपर धरून उभा होता. आम्ही हसत होतो. मैत्रीण हसता हसता थांबली आणि बराच वेळ त्या गिधाडांकडे पाहत राहिली.

"अप्पांना फोटो पाठवते," ती म्हणाली. मग गाडीत बसून, चहाचा पेला हातात धरून तिने जे सांगितले ते तिच्या आणि अप्पांच्या परवानगीने इथे लिहितो आहोत.

तिचे वडील कोकणात सरकारी पशुवैद्य होते. तिच्या लहानपणी गावाबाहेर ढोरे टाकायची जागा होती. मेलेला बैल सकाळी टाकला की दुपारपर्यंत आकाशातून गिधाडे उतरत आणि संध्याकाळी नुसती हाडे उरत. नव्वदच्या दशकात एक नवे, स्वस्त इंजेक्शन आले : डायक्लोफेनॅक. लंगडणारा बैल, सुजलेल्या कासेची गाय, ताप आलेले वासरू, सगळ्यांना उतार पडे. अप्पा रात्री-अपरात्री मोटारसायकलवरून वाड्यावाड्यांवर जात आणि टोचत. बैल सकाळी उठून उभा राहिला की शेतकरी पाया पडत. मग कधीतरी गिधाडे दिसेनाशी झाली. ढोरे तशीच सडू लागली, कुत्री वाढली. कोणी म्हणाले जंगले तुटली, कोणी म्हणाले साथ आली.

शास्त्रज्ञांनाही आधी एखाद्या विषाणूचाच संशय होता. मेलेल्या गिधाडांच्या आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर युरिक आम्लाचे पांढरे थर सापडत. मूत्रपिंडे बंद पडल्याची ती खूण. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात काम करून कारण शोधले, ते २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले : डायक्लोफेनॅक टोचल्यावर थोड्याच दिवसांत मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले, तर गिधाड मरते. शंभरात एखादे जनावर जरी असे असले, तरी एवढा नाश व्हायला ते पुरते. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मे २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले.

"अप्पांनी पेपरात वाचलं," मैत्रीण म्हणाली. "दोन दिवस बोलले नाहीत कोणाशी. मग जुनी रजिस्टरं काढून बसले. किती इंजेक्शनं दिली ते मोजत होते. आईनं रजिस्टरं लपवून ठेवली."

आम्ही काय बोलणार? एवढेच म्हणालो, की हे औषध बैलाला बरे करते का हे तपासले गेले होते. बैल मेल्यावर त्याला कोण खाते, आणि त्या खाणाऱ्याचे काय होते, हे तपासा असे तेव्हा कोणी कोणाला सांगितले नव्हते. हेच औषध तुमच्या-आमच्या आईच्या गुडघ्याच्या मलमात असते आणि तिथे ते गुण देते. एवढेच काय, इथल्या टर्की व्हल्चर या गिधाडाला आशियातील गिधाडांच्या मारक मात्रेच्या शंभरपट डायक्लोफेनॅक दिले तरी काही होत नाही. हे २००८ साली पुन्हा याच पटक्संटच्या मंडळींनी दाखवले. अमेरिकेतली गिधाडे आणि आपली गिधाडे दिसायला सारखी, पण कूळ निराळे. म्हणजे इथल्या गिधाडावर कोणी ते आधी तपासले असते, तरी आपल्या गिधाडांचे मरण त्यात दिसले नसते.

"ते त्यांना कळतं गं," ती म्हणाली. "म्हणून पुढं निवृत्त होईपर्यंत आणि त्यानंतरही ते गावोगाव हिंडले. मेलॉक्सिकॅम वापरा, मेलॉक्सिकॅम वापरा. माणसांच्या औषधाची मोठी बाटली आणून गुरांना टोचायची नाही म्हणून औषधाच्या दुकानदारांशी भांडले. त्या बाटल्या सरकारनं २०१५ मध्ये बंद केल्या तेव्हा मला इथं फोन करून सांगितलं, पहाटे तीन वाजता."

मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे, पण गिधाडांना अपाय न करणारे औषध. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही आणखी दोन घातक औषधे भारताने २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद केली. हरियाणात पिंजोरला बीएनएचएस आणि तिथले वनखाते गिधाडांची पैदास करतात. जानेवारी २०२४ मध्ये तिथली गिधाडे आपल्या ताडोबा आणि पेंचला आणण्यात आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकऱ्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत जपली आहे. पण हे काम घाईचे नाही. ही गिधाडे वर्षाला एकच अंडे घालतात, आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. इथल्या गरुडाला ४१७ जोड्यांपासून आजच्या आकड्यापर्यंत यायला अर्धे शतक लागले. आपल्याकडच्या बंदीला अजून पाव शतकही झालेले नाही. अप्पा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.

थोडा वेळ दोघी गप्प बसलो. मग तिने पुऱ्यांचा डबा उघडला आणि म्हणाली, "चल, अजून भोंगा वाजायचाय." दुपारी दोनपर्यंत थांबलो. अप्पांना फोटो गेला तेव्हा तिकडे मध्यरात्र होती, तरी लगेच उत्तर आले : वायपर वाचला का?

आम्ही दिवसभर प्रयोगशाळेत नवी द्रव्ये तयार करतो. ती कशाला उपयोगी पडतील हे विचारणारे पुष्कळ असतात. ती नंतर कोणाच्या पोटात जातील, हा प्रश्न आम्ही त्या दिवसापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. गरुडांचा हिशेबही अजून बंद झालेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ निम्म्या गरुडांच्या हाडांत शिशाच्या दीर्घकाळच्या विषबाधेच्या खुणा सापडल्या. शिकाऱ्यांच्या गोळ्यांतले शिसे मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात जाते. म्हणजे वाट तीच.

आता कामाचे. धरणावर जायचे तर सकाळी लवकर जा. प्रवेशाला पैसे नाहीत. दोन मोजे, कानटोपी, आणि गाडीसाठी चादर किंवा ताडपत्री न्या. भोंगा वाजला की मुलांना पाण्याजवळच्या खडकांवर जाऊ देऊ नका, पाणी भराभर चढते. उरलेला डबा गिधाडांना घालू नका. दुर्बीण नसेल तर आमच्याकडे एक जादा आहे.

ज्यांना इतक्या लांब जमणार नाही त्यांच्यासाठी फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीला जोडून चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. १९९८ साली हा सुरू झाला. आपल्या खिडकीत किंवा अंगणात किमान पंधरा मिनिटे बसायचे, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि आकडे कळवायचे. मुलांनाही जमते, आजीलाही जमते. २०१३ पासून ही मोजणी जगभर होते, भारतातही. रॅटक्लिफ यांच्या कामी जुनी अंडी आली, तशी आजची मोजणी उद्या कोणाच्या तरी कामी येईल. अप्पा त्या चार दिवसांत कोकणात मोजणार आहेत आणि आमची मैत्रीण इथे. तुम्हीही मोजा आणि आकडे आमच्याकडेही द्या. मार्चच्या अंकात मंडळाच्या सगळ्या घरांची एकत्र बेरीज छापू. बेरीज अर्थातच तीच करील, तेव्हा चिमण्या जास्त सांगू नका, पकडले जाल.

संक्रांतीच्या कार्यक्रमात नावनोंदणीची वही तिळगुळाच्या टेबलावर असेल.